अंगावर काढणे

खोली नंबर एकवीस. दारावर पडदा, पडद्यावर कमळं.
पाटीवर नुसतंच ‘समुपदेशन’,
तरी घाटीबाहेरच्या रिक्षावाल्यांना ठाऊक, इथं कोण येतं.
म्हणून विद्यापीठातली पोरं आधी कँटीनला जातात,
दातांच्या विभागाकडं तोंड करून बसतात,
आणि दुपारी, मी डबा उघडला की
आत येतात.

सुग्रीव तसाच आला. भोकरदनकडचा, एम.ए. भूगोल.
‘मित्राला त्रास आहे, मॅडम.’
मी मित्राची विचारपूस केली.
मित्राला लघवीला जळतं.
मित्रानं मोबाईलवर शोधलं,
टीव्ही सेंटरच्या मेडिकलमधून पाच गोळ्या आणल्या,
तीन खाल्ल्या, बरं वाटलं,
दोन रूम पार्टनरला दिल्या.
त्यालाही?
‘त्यालाही.’

आणि निरोध?
‘पहिला मेडिकलवाला चुलत्याचा दोस्त निघाला.
दुसऱ्या दुकानात काउंटरवर बाई.
तिसऱ्यात गेलो, अन् खोकल्याचं औषध घेऊन आलो.’
गेलो, म्हणाला. त्याच्या ध्यानात आलं नाही.
मी डब्याचं झाकण लावलं.
डॉक्टरांकडं धाडलं, रक्त काढलं,
मग दोन करडी पाकिटं पुढं ठेवली: एक तुझं, एक तिचं.
सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसतं, बाळा.
‘तिला कशाला? ती चांगल्या घरची आहे.’

अकरा वर्षं झाली मला या खुर्चीत.
आजवर एकही पोर वाईट घरचं आलेलं नाही.

संध्याकाळी झाडताना कडूबाईला
जिन्याखालच्या डब्यात सापडलं ते पाकीट.
‘मॅडम, भरलेलं हाय.’
मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली.
नाव पूजा, म्हणाली. ओळखपत्रावर शिवकन्या.
गळ्यात मंगळसूत्र, गुलमंडीवरचं,
मण्यांना अजून भावाची चिकटपट्टी, साठ रुपये.
बसली. पदर नव्हता, तरी खांद्यावर हात फिरवला.
‘अंगावरून जातंय.’
कधीपासून?
‘परीक्षेपासून. मैत्रिणी म्हणल्या उष्णता असंल.
सब्जा पिला. ताक पिलं.’
दाखवलं का नाही?
‘गावाकडं कळलं तर शिक्षण बंद.
म्हणून काढलं अंगावर.’

आपल्या भाषेत बाईचं सगळं अंगावरच.
पोर अंगावर पितं, दागिना अंगावर मिरवतो,
पांढरं अंगावरून जातं, दुखणं अंगावर काढायचं,
आणि वाच्यता झाली की तेही तिच्याच अंगाशी येतं.
तो?
तो अंग काढून घेतो.
दोन्ही क्रियापदं एकाच धातूची. काढणे.

‘म्हणलं होतं मी त्याला एकदा,
काहीतरी वापरू. तर म्हणला,
विश्वास नाही का?
मग काय बोलणार, मॅडम.’
रकान्यात भरायला म्हणून विचारलं, तो कुठला.
‘भोकरदनकडचा. भूगोलाला आहे.’

पेन थांबलं. एवढंच.
मला बोलायला परवानगी नाही, आणि नसावीच,
नाहीतर उद्या या पडद्याआड कोण येईल?
ड्रॉवरमधलं ते पाकीट काढलं, तारीख तपासली,
पुढं सरकवलं. डॉक्टरांनी तेच लिहिलं होतं.
तिनं गोळ्या मोजल्या.
‘अजून एक द्या. त्याला.’
चिठ्ठी देऊ?
‘नको. तोंडानं सांगते.’
निरोधची पट्टी तिनं वहीत ठेवली,
पुन्हा काढली, पर्सच्या वरच्या कप्प्यात टाकली.

त्यानं खाल्ल्या का, ती बोलली का, मला माहीत नाही.
दोघंही पुन्हा आले नाहीत.
पण जाताना ती दाराशी थांबली होती,
मागं हात नेऊन आकडा सोडवला
आणि मंगळसूत्र टेबलावर ठेवलं,
‘राहू द्या इथं. कुणाला तरी लागंल.’

आता ते पडद्यामागं खिळ्याला असतं.
चौघींना लागलं आजवर.
चिकटपट्टी मी काढलीय.